भीमेतली मासळी वाचवायची तर गावाने काय करायचे

नदीत मासे मेले की पहिल्या दिवशी फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते, आणि अधिकारी पोचेपर्यंत घाण पाणी पुढच्या बंधाऱ्यात गेलेले असते. मग अहवालात ‘कारण स्पष्ट होत नाही’ असे लिहून येते. हे टाळायचे तर मासे मरण्याच्या आधीपासून लिहिलेली वही हातात पाहिजे. करमाळा-माढ्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्यापासून पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत आणि पुढे हत्तरसंग कुडलच्या भीमा-सीना संगमापर्यंत कुठल्याही गावाला, मच्छीमार सोसायटीला ही वही ठेवता येते. चार-पाच माणसे आणि तालुक्याच्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक एवढ्यावर काम सुरू होते.

आधी जागा ठरवा

नमुन्याच्या तीन जागा पक्क्या करा: नाला किंवा सांडपाणी नदीला मिळते त्याच्या वर, मिळते तिथे, आणि साधारण एक किलोमीटर खाली. वरची जागा वगळण्याची चूक सर्रास होते. ती वगळली की समोरचा लगेच म्हणतो, ‘पाणी पुण्याहूनच खराब येते, आमचा काय संबंध?’ हे म्हणणे निम्मे खरेही असते. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचे पाणी भीमेतूनच उजनीत उतरते. म्हणूनच वरचा आकडा आणि खालचा आकडा यांतला फरक हाच आपला मुद्दा. धरणाखाली नरसिंगपूरला नीरा मिळते. तिथल्या गावांनी नीरेचा नमुना वेगळा घ्यावा.

नमुना काठावरून किंवा जलपर्णीतून घेऊ नका. होडीतून, वाहत्या धारेत, पृष्ठभागाखाली एक फूट, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे. महिन्यातून एकदा पुरते, पण साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना दर पंधरवड्याला घ्या.

पहाटेचा आकडा

मासळीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्यातला विरघळलेला प्राणवायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठीचे पाणी ‘ड’ वर्गात येते: प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवेगार होते. ते शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच ओढून घेते. त्यामुळे दुपारी बाराला मोजले तर आकडा ८ किंवा त्याहूनही वर दिसतो आणि सूर्योदयाच्या आधी त्याच जागी २ निघू शकतो. मासे मरतात ते त्या पहाटेच्या तासात. अधिकारी येतो दुपारी, आकडा चांगला येतो, आणि तक्रार तिथेच बसते. म्हणून आपली नोंद सूर्योदयाच्या अर्धा तास आधीची हवी, आणि तक्रारीत ‘नमुना पहाटेच घ्यावा’ ही मागणी पहिल्या ओळीत हवी.

मोजण्याची विंकलर पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. ३०० मिलीची काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरा. पिपेटचे टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कली आयोडाइड-अझाइड सोडा, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर पाणी मेलेले आहे, पुढे मोजायचीही गरज नाही. साका खाली बसला की २ मिली तीव्र गंधकाम्ल. हे काम हातमोजे आणि चष्मा घालून जाणत्या माणसानेच करावे. पिवळी झालेली बाटली अंधारात ठेवून कॉलेजात न्या. तिथे २०० मिली नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट स्टार्च घालून जितके मिली लागते, तितकेच मिलिग्रॅम प्राणवायू लिटरला. बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो, आणि एक फुगलेला आकडा सापडला तर बाकीच्या वहीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सामूची नोंद सोबत हवीच, कारण अमोनियाचे विष त्यावर ठरते. पाणी ३० अंशांवर असेल तर सामू ७.५ला एकूण अमोनियाचा अडीच टक्क्यांच्या आसपास भाग माशाला घातक रूपात असतो, सामू ८.५ झाला की तोच वीस टक्क्यांवर जातो. सांडपाणी तेवढेच, पण शेवाळाने सामू चढवला की मासे जातात.

वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचे तापमान, सामू, प्राणवायू, रंग-वास आणि त्या दिवशीचा धरणाचा विसर्ग (सोडलेले पाणी) क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, लिहा. विसर्ग विसरू नका. पाणी सोडलेले असले की घाण पातळ होते आणि आकडे फसवतात.

मासे तरंगले तर

पहिले सहा तास महत्त्वाचे. आधी मासे पाहा, मग पाणी. मोठी मासळी आधी मेली, तोंड उघडे, जिवंत असलेली वर येऊन हवा गिळतेय, तर प्राणवायू संपला आहे. लहान मासे आणि झिंगे आधी गेले, मोठे वेडेवाकडे पोहतायत, तर कीटकनाशकाचा किंवा दुसऱ्या विषाचा संशय घ्या. कुजलेला मासा प्रयोगशाळेच्या कामाचा नाही. तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले पाच-सहा मासे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा, गोठवू नका. विषाच्या तपासणीचे पाणी गडद काचेच्या बाटलीत घ्या. मेलेली मासळी बाजारात जाऊ देऊ नका.

त्याच सकाळी तीन ठिकाणी फोन आणि लेखी अर्ज: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सोलापूरचे उपप्रादेशिक कार्यालय, सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय आणि तहसीलदार. मंडळाकडे मागणी करायची ती कायदेशीर नमुना घेण्याची. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याचे किंवा नगरपालिकेचे सांडपाणी मंडळाने नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद घेतले तरच ते खटल्यात पुरावा म्हणून चालते. गावाच्या बाटलीला ते वजन नाही. आपल्या वहीचे काम अधिकाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी आणणे एवढेच, आणि ते थोडे नाही. तहसीलदारांकडे पंचनामा मागा. त्यात मेलेल्या माशांच्या जाती आणि अंदाजे वजन लिहून घ्या. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका.

कुणाकडे काय मागायचे

सगळ्यांना एकच निवेदन पाठवले की कुणीच त्यावर काही करत नाही. सांडपाणी आणि मळी प्रदूषण मंडळाकडे; उगम पुणे जिल्ह्यात असेल तर मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयालाही. वाळूउपसा तहसीलदार आणि प्रांतांकडे. पाणी सोडणे हा जलसंपदाचा विषय. उजनीचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची कालवा सल्लागार समिती ठरवते. तिथे ऊस बोलतो, शहराचे पिण्याचे पाणी बोलते, नदीच्या बाजूने कोणी बोलत नाही. बैठकीच्या आधी आमदारांना आणि कार्यकारी अभियंत्यांना एका पानाचे पत्र द्या: दोन आवर्तनांच्या मधल्या काळात कुठले डोह तुटतात, किती मासळी अडकते, आणि पात्रात थोडी धार कायम ठेवावी. उजनी वजा पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात, जाते तेव्हा ही मागणी टिकणार नाही, म्हणून ऑक्टोबरमध्येच करा. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढले जावेत, हेही त्याच पत्रात. पहिल्या पुराला मासळी अंडी घालायला वर चढते आणि बंद बंधाऱ्याशी अडते.

ग्रामसभेचा ठराव सोबत असला तर पत्राला जोर येतो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी तेवढी माणसे लागतात. ‘नदी वाचवावी’ असा ठराव नको. नाल्याचे नाव, तारीख, मोजलेला आकडा आणि कुठल्या कार्यालयाने काय करावे, असा हवा.

माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर संबंधित उद्योगाला प्रदूषण मंडळाने दिलेले संमतीपत्र, गेल्या बारा महिन्यांचे तपासणी अहवाल आणि दिलेल्या नोटिसा मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे. संमतीपत्रात किती सांडपाणी कुठे सोडायचे ते लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा प्रकरणाची खरी गाठ त्याच कागदावर सापडते. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील.

आपल्या बाजूची स्वच्छता

वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटुकली (माशांची पिल्ले) ओढली जात असेल, तर प्रदूषणाच्या तक्रारीला पहिले उत्तर तेच मिळेल, आणि ते योग्यही असेल. सोसायटीने आधी आपल्यात ठराव करावा: बारीक जाळी बंद, पुराच्या दिवसांत उथळ काठावर आणि ओढ्यांच्या मुखाशी जाळे नाही, सुरुंग आणि विष वापरणाऱ्याला सभासदत्व नाही. मांगूर किंवा घरच्या टाकीतला सकर मासा नदीत सोडू देऊ नका. दररोजच्या मासळीची जातवार वजने लिहा. रोहू-कटला-मृगळ घटून नुसती चिलापी वाढत गेली तर ते या वहीतच दिसते, आणि भरपाई मागताना हीच वजने लागतात.

सहा महिने पाठपुरावा करू आणि मगच पुढचे पाहू, असे समजून बसू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची (पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या न्यायपीठाची) मुदत तेवढीच आहे. कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. भरपाईच्या दाव्याला पाच वर्षे मिळतात. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे आणि भरपाई न मागता केलेल्या अर्जाचे शुल्क एक हजार रुपये. चौथ्या महिन्यात वकील गाठा आणि त्यांच्यासमोर वही, पोच घेतलेल्या प्रती, पंचनामा आणि संमतीपत्र तारखेच्या क्रमाने लावून ठेवा.