जलद जीपीसी करताना या चुका टाळा

आखूड कॉलम आणि बारीक कणांचे भरण यांमुळे जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीचे (जीपीसी, म्हणजे भरण असलेल्या नळीतून, अर्थात कॉलममधून, सोडून पॉलिमरचे रेणू आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत) विभाजन, ज्याला पूर्वी अर्धा-पाऊण तास लागे, ते आता दहा मिनिटांत उरकते. मात्र सॅम्पल विरघळायला लागणारा वेळ त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, हे नवख्यांच्या गळी उतरवणे कठीण जाते.

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची ॲक्रिलिक पॉलिमरबाबत तक्रार होती की, दर खेपेला रेणूभार घटलेला दिसतो. पुरवठादाराशी वाद पेटला होता. क्रोमॅटोग्राम (कॉलममधून काय केव्हा बाहेर पडले याचे आलेख) एकमेकांवर ठेवून पाहिले, तेव्हा पीकची, म्हणजे आलेखातल्या उंचवट्याची, उशिरा येणारी कड जागच्या जागी होती. फक्त आधी बाहेर पडणारी, म्हणजे मोठ्या रेणूंची बाजू छाटल्यासारखी दिसत होती. तिथला नवा मुलगा लवकर विरघळावे म्हणून सॅम्पल सॉनिकेटरमध्ये ठेवत असे. अल्ट्रासाउंडने लांब साखळ्या तुटतात, आणि त्याही बहुधा मध्याजवळ. त्याच पॉलिमरचे नवे सॅम्पल टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात रात्रभर निवांत ठेवल्यावर जुना रेणूभार परत मिळाला.

मी सॅम्पल संध्याकाळी भिजत घालतो आणि सकाळी बाटली फक्त हलकेच फिरवतो. गाळताना सिरिंजवर अंगठा जोराने दाबावा लागला, तर ते द्रावण कॉलममध्ये सोडत नाही.

दुसरी चूक प्रवाहदराची. कॅलिब्रेशन, म्हणजे पीकच्या जागेवरून रेणूभार काढण्याचा आलेख, लॉगरिदमिक असते, याचा अर्थ अनेकांना कळत नाही. समजा, कॉलममधून बाहेर पडलेल्या द्रावकाच्या ५ ते १० मिलिलिटरच्या दरम्यान रेणूभार दहा हजार पटींनी बदलतो. अशा वेळी ७.५ मिलिलिटरपाशी प्रवाहात एक टक्का फरक पडला तरी रेणूभार सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो. म्हणून प्रत्येक सॅम्पलमध्ये टोल्युइनसारखा मार्कर (ठरलेल्या जागी पीक देणारा खुणेचा पदार्थ) घालून त्याच्या जागेवरून दुरुस्ती करावी. पंपावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणे हा निव्वळ आळस आहे.

आखूड कॉलमला जुनी रुंद पोकळीची नळी जोडू नये; कॉलममध्ये कमावलेले विभाजन ती वाटेतच घालवते. फार मोठ्या रेणूंसाठी प्रवाह वाढवू नये. पॉलिस्टायरीनच्या मानकांवरून काढलेला रेणूभार 'पॉलिस्टायरीन-सापेक्ष' असा स्पष्ट नोंदवावा. तो खरा हवा असेल, तर बेन्वा आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडलेले, रेणूंच्या द्रावणातल्या आकारमानावर बेतलेले युनिव्हर्सल कॅलिब्रेशन वापरावे.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात टीएचएफ ओलावा शोषते आणि अपवर्तनांक डिटेक्टरवर नको ते पीक उमटतात, म्हणून सॅम्पल पंपाला लावलेल्या त्याच बाटलीतल्या टीएचएफमध्येच बनवावे.