काळ्या फॉस्फोराइटमधले सोने-चांदी तपासताना

आधी अंगठी काढून ठेवा. देहरादूनजवळच्या मालदेवताच्या फॉस्फोराइटच्या (फॉस्फेटने भरलेल्या दगडाच्या) एका नमुन्यात सोने निघाले, तेव्हा मी दोन दिवस हरखून गेले होते. त्याच थराचा दुसरा तुकडा कुटला, तर आकडा शून्याजवळ. पहिल्या खेपेला माझ्या बोटात लग्नातली अंगठी होती! टनाला १ ग्रॅम सोने म्हणजे ३० ग्रॅम भुकटीत अवघे ३० मायक्रोग्रॅम. एवढे तर अंगठी खलबत्त्याला घासली तरी मिळते. तेव्हापासून बांगड्या, साखळी सगळे घरी.

मालदेवताचा फॉस्फोराइट सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला. क्रोल नावाच्या चुनखडीच्या थरांवर तो चर्टबरोबर (गारेसारख्या कठीण दगडाबरोबर) सापडतो आणि त्याला लागूनच काळा शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा दगड आहे. फॉस्फेट ओळखायला ताज्या फुटीवर अमोनियम मोलिब्डेटचे चार कण टाका, वर विरल नायट्रिक आम्लाचा थेंब सोडा. हळदीसारखा पिवळा डाग उठला की फॉस्फेट आहे.

पण मौल्यवान धातूंसाठी नजर त्या शेलवर ठेवा. प्राणवायू नसलेल्या चिखलात सेंद्रिय कार्बन आणि गंधकाची संयुगे समुद्राच्या पाण्यातले धातू धरून ठेवतात. चीनमध्ये झुनयीजवळ फॉस्फेटच्या वरच काही सेंटिमीटर जाडीचा निकेल-मोलिब्डेनमचा थर आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, सोने त्यात आहे. म्हणून पातळ थर सोडू नका. थराला काटकोनात चर खणा आणि काळा, बोटाला काजळी लावणारा भाग वेगळ्या पिशवीत भरा. सगळे एकत्र केले की तो पातळ थर आकड्यात हरवतो.

चमकणारे कण बहुतेक पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे असतात. चाकूने ओरखडा उठत नाही आणि खरबरीत चिनीमातीवर घासले तर रेघ काळसर येते. सोन्याची रेघ पिवळीच येते.

कुटताना मास्क लावा, नंतर हात धुवा. या दगडात युरेनियमही असते.

प्रयोगशाळेला नमुना कार्बनयुक्त आहे हे लिहून द्या. तो आधी भाजावा लागतो, नाहीतर वितळवताना कार्बन आणि गंधक घोळ घालतात. मग शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवून शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या मुशीत तापवतात. शिसे मुशीत मुरते, सोन्या-चांदीचा मणी उरतो. (हाडांची राख म्हणजे फॉस्फेटच, हे मला अजूनही विलक्षण वाटते.) सोने कमी असेल तर मणी धरायला वरून चांदी घालतात. तेव्हा चांदीचा आकडा हवा असेल तर त्यासाठी भुकटीची वेगळी पुडी द्या.