कलमी कॅक्टस खुंटापासून सोडवताना

आधी वरच्या कलमाचा रंग पाहा. पूर्ण लाल किंवा पिवळ्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं. खुंट, म्हणजे खालचा मुळं असलेला कॅक्टस, काढला की गोळा उपाशी मरतो. हिरवा असेल तरच सुरी उचला, तीही वाढीच्या हंगामात.

स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने जोडाच्या किंचित वर, एका दमात आडवा काप घ्या. खुंटाचा गाभा कलमात राहिला तर मुळं त्यालाच फुटतात आणि पुढे तो कुजतो. कडा पेन्सिलीसारख्या तिरक्या तासा, नाहीतर गर आक्रसून बूड खोलगट होतं आणि मधल्या, रस वाहणाऱ्या वाहिन्यांच्या वर्तुळातून फुटणारी मुळं मातीला टेकत नाहीत. सावलीत दोन आठवडे सुकवा, मोठा काप असेल तर जास्तच. मग कोरड्या जाड वाळूवर नुसतं टेकवून ठेवा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. घाईनेच बहुतेक कलमं सडतात.

खुंटावर कलमाची चकती उरली असेल तर फेकू नका, तिला पिल्लं येऊ शकतात.