बोटीचं इंजिन बदलायचं की नाही? आधी पाणी कुठून शिरलं ते शोधा

डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) काढली आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, की बंदरावर पहिला शब्द ऐकू येतो: "ब्लॉक गेला." म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा फुटला. दुसरा शब्द, "नवीनच टाका." मी इतकी वर्षं मच्छीमार बोटींची इंजिनं उघडतोय, बसवतोय. तेलात पाणी असलेल्या इंजिनांपैकी ब्लॉक खरोखर गेलेली फार थोडी निघाली. तरी निर्णय जेट्टीवर उभ्या उभ्या होतो, कर्ज काढलं जातं, आणि चांगलं इंजिन वजनावर विकलं जातं. हा लेख त्या घाईविरुद्ध आहे.

स्टार्टरला हात लावू नका

सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. दुरुस्त होणारं इंजिन इथेच मरतं. आधी सगळे नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा, मग फ्लायव्हील हाताने फिरवा. पाणी भोकांतून उडालं तर उडू द्या, तोंड मात्र वर धरू नका.

बोट बुडून इंजिन खाऱ्या पाण्याखाली गेलं असेल तर वेळ तासांत मोजा. वर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा, चेंबर (इंजिनाखालची तेलाची परात) रिकामा करा, सिलिंडरमध्ये डिझेल ओता आणि हाताने फिरवत राहा. त्याच दिवशी मेस्त्री मिळणार नसेल तर इंजिन आतून डिझेलने आणि तेलाने भिजवून ठेवा. पाण्याखाली असेपर्यंत लोखंड फारसं गंजत नाही. हवा लागली की गंज धावतो. "उन्हात वाळू दे, मग बघू" हा सल्ला देणाऱ्याला इंजिनखोलीत घेऊ नका.

धूर

निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. धुरावरून इंजिन बदलायचं ठरवू नये. काळ्या धुराचं कारण कित्येकदा पंख्यात, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरमध्ये, अडकलेला जाळ्याचा तुकडा असतो.

तेलात पाणी: खरी कसोटी इथे आहे

इथे मी स्वतः एकदा चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या लाकडी ट्रॉलरचं इंजिन पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात घासूनपुसून रंगवलं होतं. नारळी पौर्णिमा झाली, बोट बाहेर पडली आणि आठवड्याभरात तेल पांढरं झालं. तेल बदललं, पुन्हा पांढरं. मेस्त्री म्हणाला ब्लॉक फुटलाय. बाबा म्हणाले, "हंगाम जातोय, नवीन घे." मी घेतलं. जुनं इंजिन पलीकडच्या खाडीतल्या एका नाखव्याने भंगाराच्या भावात नेलं. दिवाळीनंतर तो जेट्टीवर भेटला आणि म्हणाला, "तुझ्या पाण्याच्या पंपाचं भोक रंगाने बुजलं होतं रे. सील बदलले, इंजिन चालतंय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण नव्या इंजिनाचे हप्ते भरताना ते वाक्य दर महिन्याला आठवायचं.

ते भोक कशाला असतं ते सांगतो. इंजिनाच्या गिअरवर चालणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपाला दोन सील असतात: एक पाण्याकडे, एक तेलाकडे. मधल्या जागेतून बाहेर एक लहान भोक काढलेलं असतं. पाण्याचा सील गळू लागला की थेंब या भोकातून बाहेर पडतो आणि आपल्याला कळतं. भोक मिठाने, ग्रीसने किंवा रंगाने बुजलं, की तेच पाणी दुसऱ्या सीलवर दाब टाकतं आणि टायमिंग केसमधून (इंजिनाच्या पुढच्या गिअरच्या पेटीतून) चेंबरमध्ये उतरतं. रंगवणाऱ्या पोराला पंपाजवळ ब्रश नेऊ देऊ नका. भोकात बारीक तार घालून बघणं हे दर महिन्याचं काम आहे.

आता शोध कसा घ्यायचा. पहिला प्रश्न एकच: हे पाणी खारं की गोडं? खारं असेल तर ते समुद्राच्या बाजूने आलं: पंप, ऑइल कूलर (समुद्राच्या पाण्याने तेल थंड करणारा), नाहीतर ज्यात पाणी सोडलेलं असतं तो सायलेन्सर. गोडं असेल तर इंजिनाच्या जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडरभोवती फिरणारं: हेड गॅस्केट, हेडची चीर, लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या) रबरी रिंगा किंवा ब्लॉक. या एका उत्तराने अर्धं काम संपतं, आणि तरी बहुतेक मेस्त्री हा प्रश्न विचारत नाहीत. चव घेऊन बघणारे भेटतात. तसं करू नका, कूलंट विषारी असतं. तेल काचेच्या बाटलीत दोन दिवस निवळू द्या आणि तळातलं पाणी ड्रॉपरने काढा. त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोनतीन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका आला तर मीठ आहे. पण एक सावधगिरी: आपल्या किनाऱ्यावर विहिरीचं पाणीही मचूळ असतं आणि तेच आपण हेडर टाकीत (इंजिनाच्या गोड्या पाण्याच्या टाकीत) ओततो. म्हणून शेजारी टाकीतल्या पाण्याचा नमुना ठेवून तीच परीक्षा करा आणि दोन्ही साके ताडून बघा.

खारं निघालं तर पुढची परीक्षा रात्रीची. इंजिन चालू असताना कूलरमध्ये तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून नळी फुटली असेल तर तेल पाण्यात जातं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तवंग दिसतो. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब शून्य. कूलर पाण्याच्या रेषेखाली असतो, त्यामुळे समुद्र उलटा आत शिरतो. ताजं तेल भरा, डिपस्टिकवर खूण करा, तळातला पाण्याचा कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा) बंद करून रात्र काढा. दुसऱ्या रात्री कॉक उघडा ठेवा. पहिल्या सकाळी पातळी तीच आणि दुसऱ्या सकाळी चढलेली असेल, तर पाणी समुद्राच्या बाजूने येतंय हे पक्कं. कूलर काढा, पाण्याची बाजू उघडी ठेवून तेलाच्या बाजूने हवा भरा आणि गरम पाण्याच्या पिंपात बुडवा. थंड पाण्यात बारीक चीर मिटलेली राहते, गरम पाण्यात बुडबुडे सुटतात. किती दाब द्यायचा ते कूलरच्या मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने कॉम्प्रेसर सोडू नका. गिअरबॉक्सचं तेलही त्याच वेळी तपासा, त्याचा कूलर वेगळा असतो.

गोडं निघालं तर चेंबर उतरवा. हेडर टाकीच्या तोंडावर हातपंप लावून एक किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत दाब द्या आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. घाई नको, थेंब यायला कधी कधी रात्र लागते. लायनर आणि ब्लॉक यांच्यामधून बाहेरच्या अंगाने ओघळ येत असेल तर बहुधा रबरी रिंगा गेल्यात. पिस्टनच्या बाजूने, लायनरच्या आतून येत असेल तर हेड, गॅस्केट किंवा लायनरलाच भोक. पुढच्या बाजूने येत असेल तर गोड्या पाण्याचा पंप आणि टायमिंग केस बघा. मी हा थेंब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आता कुणालाही "ब्लॉक गेला" म्हणू देत नाही.

ब्लॉक आणि क्रँक

थेंब लायनरजवळ सापडला तर लायनर खेचून काढा आणि ब्लॉकमध्ये रिंग बसते ती जागा कापडाने पुसून बोटाने तपासा. गंजाने खड्डे पडले असतील तर नवीन रिंग चार फेऱ्या टिकते आणि पुन्हा गळते. ही जागा चांगल्या वर्कशॉपमध्ये बोअर करून तिथे वाटी (धातूची कडी) बसवता येते. खड्ड्यात एम-सील भरून लायनर ठोकणाऱ्याला पैसे देऊ नका.

लायनर झिजले, पिस्टन घासले, बेअरिंग गेलं, यातलं काहीही इंजिन टाकून द्यायचं कारण नाही. ते सुटे भाग आहेत. क्रँक घासून ०.२५, ०.५० मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगं बसतात. मात्र जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निळं पडलं असेल तर त्याचा कडकपणा गेला, तो क्रँक चीर तपासल्याशिवाय परत घालू नका. क्रँकही बदलता येतो.

इंजिन बदलावं लागतं ते या कारणांनी: कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, मेन बेअरिंगच्या भिंतीला चीर गेली, किंवा त्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे झाले. बाहेरच्या पाण्याच्या भिंतीची चीर टाके घालून, म्हणजे पिना ठोकून, बंद होते आणि वर्षानुवर्षं टिकते. बेअरिंगच्या भिंतीची नाही. तिथे कुणी वेल्डिंग सुचवलं तर उठून या.

हिशेब

दोन कागद घ्या. एकावर दुरुस्ती, दुसऱ्यावर नवीन इंजिन. चूक होते ती दुसऱ्या कागदावर, कारण तिथे लोक फक्त इंजिनाची किंमत लिहितात. नवीन इंजिनाचे पाय जुन्या फाउंडेशनवर बसत नाहीत, गिअरचं प्रमाण बदललं तर पंखा बदलतो, पंखा बदलला तर कधी शाफ्टही. सायलेन्सर, पाइप, क्रेन, सुतार हे सगळं मांडा. दोन्ही कागदांवर बुडणारे फेऱ्यांचे दिवसही लिहा. दुरुस्ती नवीन इंजिनाच्या या पूर्ण रकमेच्या निम्म्याच्या आत असेल तर मी दुरुस्ती करतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. या दोन महिन्यांत दुरुस्तीला लागणारा वेळ फुकट असतो, ऑक्टोबरात नसतो. म्हणून जे काम मी जूनमध्ये शांतपणे करीन, त्यासाठी ऑक्टोबरात कधी कधी नवीन इंजिन घेईन.

जास्त घोड्यांचा (हॉर्सपॉवरचा) मोह टाळा. पाण्याच्या रेषेवर ४० फूट असलेली ट्रॉलर साधारण साडेआठ नॉटला अडते. पुढे फक्त डिझेल जळतं. जाळं ओढायला जोर हवा असेल तर गिअरचं प्रमाण आणि पंखा बघा.

जुनं इंजिन घेताना

ट्रकमधून काढलेलं इंजिन बोटीत चालतं, कोकणात अशी पुष्कळ आहेत. पण ते भार देऊन तासभर चालवून दाखवलं तरच घ्या. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन चालू होतं कसं, हे बघायला तर आपण गेलेलो असतो.

कागद

इंजिन नंबर आणि घोडे बोटीच्या नोंदणीत असतात. बदल मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे आधी नोंदवा. मच्छीमार संस्थेकडून मिळणाऱ्या डिझेलच्या परताव्याची कागदपत्रंही त्याच आठवड्यात जुळवून घ्या.

बसवताना

कपलिंग (गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट यांचा जोड) जुळवणं बोट पाण्यात उतरल्यावरच. जमिनीवर टेकू दिलेल्या लाकडी बोटीचा कणा वेगळा वाकलेला असतो. दोन दिवस तरंगू द्या, मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचापेक्षा जास्त फट कुठेही नको. आणि जुन्या इंजिनाला ज्या कारणाने पाणी लागलं ते कारण बोटीत राहिलेलं नाही ना, हे नवीन इंजिन चालू करण्याआधी बघा. तोच चोंदलेला पाइप, तोच गळका कॉक, सायलेन्सरची तीच खालची उंची राहिली तर नवीन इंजिनाचं तेलही पांढरं होईल. पहिला महिना रोज सकाळी, तळातला कॉक उघडण्याआधी, डिपस्टिक पुसून पातळी वहीत लिहा.