पऱ्हाटीचा कोळसा: ड्रमची भट्टी आणि कांड्या

कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून धुऱ्यावर ढीग लावायचा आणि पेटवून द्यायचा, हे विदर्भात सर्रास चालतं. ढीग तसाच ठेवला तर उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून तो लवकर हलवावा हे खरंच. पण राख कशाला? कोळसा करा.

मायक्रोवेव्हनंही काडीकचऱ्याचा कोळसा, तेल आणि गॅस होतो. पण २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पाणी आणि कोळसा चांगल्या शोषतात, वाळलेली काडी फारशी नाही. म्हणून मालात आधी कोळशाची भुकटी मिसळावी लागते आणि भांड्यातली हवा काढून नायट्रोजन भरावा लागतो. घरच्या ओव्हनमध्ये हे चुकूनही करू नका. निघणारा वायू पेट घेतो, शिवाय त्यात विषारी कार्बन मोनॉक्साईड असतो. शेतावर ड्रमच बरा. ओल काढायला एप्रिलचं ऊन फुकट आहे.

२०० लिटरचा लोखंडी ड्रम घ्या, खाद्यतेलाचा असेल तर उत्तम. फवारणीच्या औषधाचा नकोच. कापण्याआधी आत पाणी भरून घ्या, नाहीतर आत साचलेल्या तेलाच्या वाफेचा भडका उडतो. वरचं तोंड पूर्ण कापा, बुडाला इंचभराची आठ-दहा भोकं पाडा, घट्ट बसणारं झाकण करा.

पऱ्हाटी काडकन मोडली पाहिजे. वाकली, तर अजून वाळवा. मुळांना चिकटलेली काळी माती झटकून काढा. हा कंटाळवाणा भाग आहे, पण कोळशात राख वाढते ती याच मातीनं. वीतभर तुकडे करून ड्रममध्ये आडवे, दाबून भरा. साधारण २० ते २५ किलो माल बसतो.

ड्रम तीन विटांवर ठेवा आणि वरून पेटवा. सकाळी, वारा पडलेला असताना, कुटाराच्या (भुशाच्या) गंजीपासून लांब, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवून. आधी दाट पांढरा धूर येतो, ती ओल. मग ज्वाळा धरते आणि आग हळूहळू खाली सरकते. घड्याळाकडे नाही, बुडाच्या भोकांकडे बघा. तिथं लाल निखारा दिसला आणि वरचा धूर विरळ, निळसर झाला की लगेच पहारीनं ड्रम उचकून विटा काढा, बूड ओल्या मातीनं लिंपा, झाकण लावून कड शेणमातीनं बंद करा. इथं दहा मिनिटं रेंगाळलात तर कोळशाची राख होते. सकाळपर्यंत उघडू नका. कोमट असताना उघडला तर हवा लागून पुन्हा पेटतो. वजनाच्या साधारण चौथा हिस्सा, म्हणजे पाच-सहा किलो कोळसा मिळतो. तपकिरी राहिलेल्या काड्या वेगळ्या काढून पुढच्या भट्टीत टाका.

शेगडीत जाळायच्या कांड्यांसाठी कोळसा कुटून मैद्याच्या चाळणीनं नाही, तर रव्याच्या चाळणीनं चाळा. १० किलो भुकटीला अर्धा किलो मैदा ५-६ लिटर पाण्यात शिजवून खळ करा आणि कोमट असतानाच मळा. मूठ दाबली की गोळा टिकावा, पाणी गळू नये. पाईपच्या तुकड्यात दाबून कांड्या पाडा, पहिला दिवस सावलीत, मग तीन-चार दिवस उन्हात वाळवा. एकदम उन्हात ठेवल्या तर तडकतात.

वाळलेली कांडी कंबरेच्या उंचीवरून टाकून पाहा. चुरा झाला तर खळ कमी किंवा भुकटी जाड. जाळताना धूर झाला तर काड्या अर्ध्या कच्च्या राहिल्या किंवा कांडी ओली आहे. पेटतच नसेल तर माती जास्त.

धूर नसला तरी या कांड्यांची शेगडी बंद खोलीत लावू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.