तिसरी घंटा आणि चार वर्षांचं मूल

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या नाट्यगृहांत बालनाट्यांचे प्रयोग लागतात. राजा, राक्षस, चेटकीण, बोलणारे प्राणी, दर दहा मिनिटांनी गाणं आणि नाच. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ ही मुलांची नाट्यसंस्था सुरू केली, तेव्हापासून मोठा सेट आणि डोळे विस्फारणारी ट्रिकसीन्स ही मराठी बालरंगभूमीची हौस आहे. पण सात-आठ वर्षांची मुलं ज्याला टाळ्या वाजवतात, तेच बघून चार वर्षांचं मूल आईच्या कुशीत तोंड लपवतं. त्याची तयारी घरूनच करून न्यावी लागते.

आधी वेळ. दुपारी साडेबाराचा प्रयोग लहान मुलासाठी सगळ्यात वाईट, कारण मध्यंतरापर्यंत जेवणाची आणि झोपेची वेळ एकदमच येते. सकाळचा किंवा दुपारी झोप काढून संध्याकाळी पाचचा प्रयोग धरा. जाहिरातीत किंवा तिकीट काढताना दोन गोष्टी बघा: प्रयोग मध्यंतर धरून किती वेळाचा आहे, आणि कितव्या वर्षापासून पूर्ण तिकीट लागतं. तिकीट लागत नसलं तरी खुर्चीची खात्री करूनच जा. दोन तास मांडीवर घेऊन बसलात तर मागच्या मुलाला तुमच्या पोराचं डोकं तेवढं दिसेल.

पहिली रांग मिळतेय म्हणून उडी मारू नका. तिथे रंगमंचाची कड मुलाच्या डोळ्यांच्या वर येते, स्पीकर जवळ असतात, धुराचं मशीन सोडलं की पहिला लोट तिथेच उतरतो, आणि चेटकीण प्रेक्षकांत उतरली तर आधी तिथेच येते. बाल्कनीत पुढच्या रांगेत बसलं तर कठडा आड येतो. पाचवी ते दहावी रांग बरी, त्यातही मधल्या वाटेलगतची खुर्ची. पुढे मोठं माणूस बसलं तर मूल वाटेच्या बाजूला झुकून बघू शकतं, आणि उठून जावं लागलं तर अर्ध्या रांगेचे पाय तुडवावे लागत नाहीत. मुलाला दम्याचा त्रास असेल तर आणखी मागे बसा. चमकत्या दिव्यांनी झटके येण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि असे दिवे आहेत का ते तिकीट खिडकीवरून कळतंय का बघा.

नाट्यगृहातली दुमडणारी खुर्ची हे वेगळंच प्रकरण. तेरा-चौदा किलोचं मूल पाठीला टेकून बसलं की त्याचा भार बिजागरीजवळ पडतो, पुढची कड वर उचलली जाते आणि खुर्ची पोराला गिळते! गुडघे हनुवटीला. उपाय सोपा आहे. घरून एक जाडसर चादर न्या, तिची घट्ट गुंडाळी मुलाच्या पाठीमागे ठेवा, म्हणजे ते पुढे सरकून बसेल आणि भार पुढच्या कडेवर येईल. तेवढ्याने भागलं नाही तर तुमचा हात कडेवर ठेवा. एसी फार झाला की हीच चादर पांघरायला कामी येते.

आता खरी गोष्ट. रडं बहुतेक वेळा चेटकिणीला बघून सुरू होत नाही, ते तिसऱ्या घंटेनंतरच्या अंधारात सुरू होतं. तीन घंटा होतात, मोबाईल बंद ठेवण्याची सूचना येते, सगळे दिवे जातात आणि त्याच अंधारात मोठ्याने संगीत सुरू होतं. मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत घरी हा खेळ खेळा: चमच्याने वाटीवर एक, दोन, तीन घंटा द्या, तिसऱ्या घंटेला खोलीतला दिवा बंद करा, दहापर्यंत मोजा आणि ओढणीचा पडदा सरकवा. दुसऱ्या दिवशी पोर स्वतःच घंटा वाजवायला मागतं.

गोष्ट आधीच सांगून टाका, शेवटासकट. मोठ्यांना रहस्य फुटल्याचं वाईट वाटतं, चार वर्षांच्या मुलाला राजपुत्र सुटणार हे माहीत असलं तरच राक्षसाकडे बघवतं. चेटकिणीसाठी आरसा वापरा. मुलासमोर स्वतःला काजळाने मिशा काढा, आवाज बदलून बोला, मग पुसा. रंग लावलेला माणूस म्हणजे काय, हे त्याला त्याशिवाय पटत नाही.

निदान अर्धा तास आधी पोचा. दिवे चालू असताना रिकामा हॉल, पडदा, बाहेर जायचं दार दाखवा. पहिल्या घंटेच्या आधी शू करवून घ्या, लागलेली नाही म्हणालं तरी. मध्यंतर साधारण किती वाजता होईल हे दारावरच्या माणसाला विचारून ठेवा, कारण मध्यंतराला स्वच्छतागृहाची रांग आणि बटाटेवड्याची रांग एकाच वेळी लागते. मोठी माणसं दोन असाल तर एकाने मुलाला न्यावं, दुसऱ्याने वड्याकडे जावं. वडा कढईतला गरम असतो, तो फोडून निवू द्या. पोटाला आधार म्हणून घरचा लाडू किंवा केळं बाहेर लॉबीत द्या, आत खाणं नको. आवाज करणारे बूट, लुकलुकणारे दिवे असलेले सँडल घरीच.

बालनाट्यात मुलांनी ओरडायचंच असतं. ‘तो कुठे लपलाय?’ असं रंगमंचावरून विचारलं की पोराने बोट दाखवून किंचाळलं तर गप्प बसवू नका, नट त्याचीच वाट बघत असतो. मोबाईल मात्र काढू नका. अंधारात पडद्याचा उजेड मागच्यांच्या आणि नटाच्याही डोळ्यांत जातो.

आवाजाला दचकणाऱ्या मुलासाठी कान झाकणारे हेडफोन न्या, नसतील तर तळहात पुरतात. कानात कापूस कोंबू नका. घाबरलंच तर ‘काही नाही होत’ म्हणत दाबून बसवू नका. उचला, मागच्या दाराशी उभं राहा आणि तिथूनच बघू द्या. लांबून राक्षस लहान दिसतो. पाच-सात मिनिटांत ते स्वतःहून पुढे ओढतं. नाहीच ओढलं तर लॉबीत बसा, आणि मध्यंतरानंतरही नको म्हणालं तर घरी चला.

शेवटी नट नमस्कार करायला येतात तेव्हा पार्किंगची घाई करून उठू नका. मघाशी खदाखदा हसणारी चेटकीण हात जोडून हसते, हे मुलाने बघायलाच हवं. बऱ्याच प्रयोगांनंतर नटांबरोबर फोटो काढू देतात. त्यात चेटकिणीजवळ उभं राहायचं की आईच्या मागून डोकवायचं, ते पोरालाच ठरवू द्या.