भरतीचं ग्राउंड आणि फिजिओलॉजीचा पेपर

बीपीएडला (शारीरिक शिक्षणाची पदवी) फिजिओलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं तो विषय, म्हणजे पाठ करा आणि पेपरात ओका असाच प्रकार असतो, पण धुळ्यात पोलीस भरतीच्या पोरांना पळवायला लागलो आणि तोच विषय रोज सकाळी कामाला येतोय, म्हणून नवीन लोकांसाठी लिहितोय.

सगळ्यात आधी फिकचं समीकरण नीट समजून घ्या, बाकी अर्धा सिलॅबस त्यातूनच निघतो. शरीर किती ऑक्सिजन वापरतंय = हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं गुणिले स्नायू त्या रक्तातून किती ऑक्सिजन काढून घेतात. हे जास्तीत जास्त जिथपर्यंत जातं तो व्हीओटू मॅक्स. बस एवढंच आहे ते.

आता भरतीचे १६०० मीटर बघा, पाच-सहा मिनिटांचं काम, सगळ्यांना वाटतं नुसता दम आणि जिगर, पण त्यातली साधारण ८० टक्के एनर्जी ऑक्सिजनवरच येते. आणि पोरं काय करतात, रोज स्टॉपवॉच लावून फुल १६०० मारतात, महिनाभर टाइम हलत नाही मग नडगी धरून बसतात. मी त्यांना आठवड्यातले बहुतेक दिवस हळू पळवतो, इतकं हळू की शेजारच्याशी गावच्या लग्नाच्या गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटलं की स्पीड कमी. पहिल्या आठवड्यात हमखास कोणीतरी म्हणतंच, "सर, हाई काय पयनं शे का?" (हे काय पळणं आहे का?) शे भाऊ शे! ह्यानेच एका ठोक्याला जास्त रक्त जायला लागतं, स्नायूत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऑक्सिजन वापरून एनर्जी बनवणारे भाग) वाढतात, म्हणजे समीकरणातल्या गुणाकाराच्या दोन्ही गोष्टी वाढतात. जोरात पळणं आठवड्यातून एक-दोनदाच, ४०० मीटरचे रिपीट (जोरात पळा, थांबा, परत पळा) वगैरे.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात ते लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे, हे अजून बरेच कोच सांगतात. चूक आहे. रक्तात ते लॅक्टेट म्हणून असतं आणि तासा-दीड तासात खाली येतं, उलट हृदय ते इंधन म्हणून जाळतं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेने.

हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, हा पण नुसता अंदाज, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात, घड्याळ बघून घाबरू नका.

राहिलं आपलं खानदेशी ऊन. अंगाला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पुण्याहून सुट्टीत आलेल्या पोराला एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी टायमिंगवर पळवू नका, आणि मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या आत ग्राउंड रिकामं.